भिंतीवरचे भाई

जपानमधल्या यकुझा टोळ्यांत माणसाच्या हातून चूक झाली की त्याने स्वतःच्या करंगळीचे पेर कापून म्होरक्यापुढे ठेवायचे, असा रिवाज होता. १९६६ साली तादानोरी योकोओ या तिशीतल्या चित्रकाराने करंगळी कापण्याच्या या विधीला वाहिलेले एक पोस्टर सिल्कस्क्रीनवर छापले. तोएई स्टुडिओचे यकुझापट त्याला मनापासून आवडत. त्या पटांचा नायक ताकाकुरा केन याच्यावर त्याने पुढे एक अख्खे चित्रपुस्तक काढले. त्या काळचे शिकलेसवरलेले जपानी डिझायनर स्विस पद्धतीचे स्वच्छ, मोजूनमापून केलेले काम करत होते. योकोओने मात्र काडेपेटीवरची लेबले, जुने स्वस्त छाप, उगवत्या सूर्याचे भडक किरण आणि गल्लीतल्या सिनेमाची जाहिरात असा सगळा माल उचलला. हलका म्हणून लोक ज्याकडे नाक मुरडत होते, तेच त्याने आपले भांडवल केले. १९७२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या पोस्टर्सचे स्वतंत्र प्रदर्शन भरले.

त्याच वर्षांत मुंबईकडे काय नव्हते? टोळ्या होत्या, टोळ्यांवरचे सिनेमे होते, लिथो आणि ऑफसेटचे छापखाने होते आणि जपानी किरणांच्या तोडीचा रंग सहज फेकणारे पेंटर होते. योकोओ स्वतः सत्तरच्या दशकात भारतात येऊन गेला. सान्ताना या बँडच्या १९७४च्या ‘लोटस’ अल्बमसाठी त्याने केलेल्या आवरणात आपल्या कॅलेंडरवरच्या देवदेवता दिसतात. म्हणजे आपल्या भिंतींवरून त्याने घेतले आणि आपण त्या भिंती दर शुक्रवारी नवा कागद डकवून झाकत राहिलो. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात गुंडपटांच्या पोस्टरची जी कला वाढली ती कुणी वाढवली, तिने काय दाखवले, काय लपवले आणि आज ती कुठे गेली, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. माझ्या मते ती मेलेली नाही, तिने फक्त घर बदलले आहे. ज्यांनी ती घडवली त्यांची नावे मात्र या बदलात गहाळ झाली.

मुंबईचा सिनेमा आज अंधेरी-गोरेगावचा वाटतो, पण त्याचा कारखाना दीर्घकाळ दादर-परळला होता. दादरला रणजित, श्री साउंड, रूपतारा. परळला कारदार आणि १९४२ पासून शांतारामांचे राजकमल कलामंदिर. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३च्या ३ मेला लागला तोही गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. लॅमिंग्टन रोडवर थिएटरांची रांग आणि नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या. चित्र दादरला बनायचे, नाझला विकले जायचे आणि त्याचे तोंड रंगवणारा माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी चाळीत राहायचा.

हा माणूस बहुतेकदा कोल्हापूर, कोकण, गोवा किंवा कर्नाटकच्या सीमेकडून आलेला असे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी स्वतः पोस्टर्स रंगवली. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय पोस्टरांत मोडते. त्याच कोल्हापुरातले जी. कांबळे राजकमलसाठी काम करत. शिवाजी महाराजांचे त्यांनी केलेले चित्र घरोघरी पोचले, पण ते सिनेमाची पोस्टर्स करत हे फार थोड्यांना आठवते. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित मेट्रो थिएटरसाठी एमजीएमच्या चित्रपटांची शो-कार्डे रंगवत. मकबूल फिदा हुसेन यांची सुरुवातीची वर्षे ग्रँट रोडच्या परिसरात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवण्यात गेली, आणि पुढे त्यांच्या कॅनव्हासवर जो मोठा, बेधडक फटकारा दिसतो तो तिथेच हाताला लागला असणार. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ सालीच निघाला होता. तरीही या पेंटरांपैकी पुष्कळांनी शिक्षण घेतले ते उस्तादाच्या हाताखाली डबे धुत.

होर्डिंग कसे होई ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण गुंडपटाच्या पोस्टरचा सगळा स्वभाव त्या कामाच्या पद्धतीतून आला आहे. लाकडी चौकटीवर कापड ताणून ठोकायचे. ते बहुधा आधीच्या सिनेमाचेच असे, त्यावर पांढरा हात मारला की मागच्या आठवड्याचा नायक गडप. निर्मात्याकडून आलेल्या फोटोवर पेन्सिलने चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कापडावर दोरीने मारायचे आणि एकेक चौकोन मोठा करत कोळशाने आकृती उतरवायची. पावडरचे रंग जवसाच्या तेलात घोटायचे काम पोरांकडे. पार्श्वभूमी एकजण भरी, अक्षरे दुसरा काढी, कपडे आणि हात तिसरा. चेहरा उस्तादाचा, आणि चेहऱ्यातही डोळे सगळ्यांत शेवटी.

आणि रंग? जवळ उभे राहून पाहिले तर वेडेपणा वाटावा असे. गालावर लाल, डोळ्यांखाली निळा, जबड्यावर हिरवा, कपाळावर पिवळ्याचा पट्टा. त्यामागे हिशेब होता. कातडीचा खरा रंग पन्नास-साठ फुटांवरून मातकट दिसतो आणि धावत्या बसमधून तर दिसतच नाही. लालाला निळ्याशेजारी ठेवले की दोन्ही पेटतात. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून दादर टीटीच्या वळणावर तीन सेकंद दिसणारा चेहरा ध्यानात राहावा, यासाठी घडलेली ही भाषा आहे. योकोओ किंवा अमेरिकी पॉप कलावंत सपाट, न मिसळलेल्या रंगांकडे वळले ते विचारपूर्वक, आधीच्या कलेला उत्तर म्हणून. आपल्या पेंटरांना तिकडे अंतराने आणि वेगाने नेले. गुंडपटाला ही भाषा जितकी मानवली तितकी कौटुंबिक चित्राला कधीच मानवली नाही, कारण लाल-निळा चेहरा मुळातच संतापलेला दिसतो.

या संतापाला नाव आणि शैली मिळाली ती दिवाकर करकरे यांच्या हातून. जे. जे.त शिकलेल्या करकऱ्यांचा ‘स्टुडिओ दिवाकर’ सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमाच्या पोस्टरवर राज्य करत होता. ‘दीवार’ (१९७५), ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७), ‘त्रिशूल’ (१९७८) ही त्यांची कामे. ब्रशऐवजी पॅलेट नाइफने रंग जाड थापायचा, त्याचे ओरखडे तसेच ठेवायचे, फोटो आणि रंग यांची बेमालूम गाठ घालायची, ही त्यांची ओळख. आधीच्या पिढीचे नायक पोस्टरवर गुळगुळीत असत, गाल तुकतुकीत आणि केस कंगव्यातून नुकतेच निघालेले. करकऱ्यांचा अमिताभ खरबरीत आहे. नाइफचा प्रत्येक ओरखडा त्याच्या तोंडावर ओरबाडल्यासारखा उमटतो. ‘दीवार’मधला विजय गोदीतला हमाल म्हणून सुरू होतो. निळा सदरा, बिल्ला क्रमांक ७८६, खांद्यावर दोरखंड. तस्कर हाजी मस्तानची आठवण या पात्रात लोकांनी तेव्हाच ओळखली होती. गोदी आणि गिरणीतला माणूस थिएटरबाहेर उभा राहून हा दोर पाहत असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे कुणी त्या वेळी विचारून ठेवले असते तर आज पोस्टरचा इतिहास वेगळा लिहिता आला असता.

त्याच काळातली एक गोष्ट सलीम-जावेद यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. ‘जंजीर’ (१९७३) लागला तेव्हा पोस्टरवर लेखकांचे नाव नव्हते. या दोघांनी पदरचे पैसे देऊन एक रंगारी धरला आणि शहरभरच्या पोस्टरांवर आपले नाव स्टेन्सिलने मारून घेतले. रंगाऱ्याने ते दिसेल तिथे मारले, कुठे नायकाच्या हातावर, कुठे नाकावर. पुढे हिंदी सिनेमात लेखकाच्या नावाला किंमत आली त्या लढ्यातला हा मानाचा प्रसंग आहे. मला त्यात नेहमी तो रंगारी दिसतो. दुसऱ्याचे नाव गावभर करून तो घरी गेला आणि त्याचे नाव आज कुणालाच माहीत नाही. पोस्टरच्या कोपऱ्यात स्टुडिओची छोटी सही असे, ‘दिवाकर’ हे नाव तसेच आपल्यापर्यंत पोचले. होर्डिंगवरचे डोळे काढणाऱ्याला तेवढाही कोपरा मिळाला नाही.

अक्षरांचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. देवनागरी, उर्दू, रोमन या तिन्ही लिप्यांत एकच नाव एकाच तडफेने लिहिणे हे मोठे कसब होते. तुटलेल्या विटांची, रक्त ओघळणारी, गोळीने भोक पडलेली अक्षरे गुंडपटांनी रूढ केली. मराठी नाटक-सिनेमाच्या बाजूने कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नावाच्या वळणातच कथेचा सूर पकडायची जी रीत घालून दिली तिचे ऋण आजचा प्रत्येक मराठी पोस्टरवाला वाहतो. शेडग्यांना निदान नाव मिळाले.

आता मुद्दा आशयाचा. जानेवारी १९८२ हा महिना मध्य मुंबईच्या इतिहासात वेगळा काढून ठेवावा असा आहे. ११ तारखेला दादरचा, कीर्ती कॉलेजात शिकलेला गुंड मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. शहरातले पहिले नोंदलेले एन्काउंटर म्हणून ते सांगितले जाते. बरोबर सात दिवसांनी, १८ तारखेला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढच्या दहा वर्षांत लालबाग-परळच्या घराघरांतून कामाचा भोंगा गेला आणि नाक्यावर उभी राहणारी पोरे वाढली. त्यांतली काही टोळ्यांकडे वळली. गुंडपटांना कथा पुरवणारी जमीन ही होती.

पोस्टरवर ती जमीन दिसते का? एन. चंद्रांच्या ‘अंकुश’ने (१९८६) नाक्यावरची बेकार पोरे पडद्यावर आणली. गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) पोलीस आणि दादा दोघांच्याही मागे हेच शहर आहे. ‘परिंदा’मध्ये (१९८९) तर मुंबईचा अंधार एखाद्या पात्रासारखा वावरतो. भिंतीवर मात्र बहुतेक वेळा चेहरेच उरले, दरवर्षी थोडे आणखी मोठे. चाळीचा जिना, गिरणीची चिमणी, रेशनची रांग यांना जागा मिळाली नाही. सिनेमा रस्त्यावर उतरला होता आणि रस्त्यावरचे पोस्टर अजून स्टुडिओतच उभे होते. रंगवलेल्या पोस्टरच्या प्रेमात पडताना ही बाजू विसरू नये. त्या कलेने गुंडाला तेज दिले, त्याच्या गल्लीला दिले नाही. योकोओच्या पोस्टरांत जपानची गल्ली, तिचे शिळे छाप, तिची अश्लीलता, तिची हाव सगळे खच्चून भरलेले असते. आपल्या पेंटरांच्या हातात ही ताकद होती, पण मागणी चेहऱ्याची होती आणि पैसे चेहऱ्याचेच मिळत.

१२ मार्च १९९३ला झालेल्या साखळी स्फोटांतला एक दादरच्या प्लाझा थिएटरात झाला. पोस्टरच्या इतिहासात ही तारीख मी मुद्दाम घालतो. ज्या थिएटरवर भाईंची चित्रे लागत तिथेच खऱ्या टोळीचा बॉम्ब फुटला. त्यानंतरच्या गुंडपटांचा चेहरा बदलला. राम गोपाल वर्मांच्या ‘सत्या’मध्ये (१९९८) गुंड घामट, साधे, बायकोशी भांडणारे आहेत आणि त्याची जाहिरातही फोटोंच्या भाषेत झाली, रंगाऱ्याच्या नाही. जपानमध्ये हेच वळण पाव शतक आधी आले होते. १९७३ साली किंजी फुकासाकूने हिरोशिमाच्या टोळीयुद्धावरच्या चित्रमालिकेत हलत्या कॅमेऱ्याने, बातमीपटाच्या थाटात यकुझाचा मान-मरातब उतरवून ठेवला. त्याआधी सेइजुन सुझुकीने ‘टोकियो ड्रिफ्टर’मध्ये (१९६६) फिकट निळा सूट घातलेला गुंड भडक पिवळ्या नाइट क्लबात उभा करून पॉप-आर्ट थेट पडद्यावरच आणले होते. आपल्याकडे मात्र पॉपचा सगळा उत्सव पडद्याबाहेर, भिंतीवर झाला.

‘वास्तव’ने (१९९९) पोस्टरला एक नवे साहित्य दिले, त्याबद्दल महेश मांजरेकरांचे आभारच मानायला हवेत. कपाळावर टिळा, गळ्यात जाडजूड सोनसाखळी. ती साखळी गुंडाची मिळकत दाखवते, पण लालबागच्या घरातली सोन्याची भूकही दाखवते. मांजरेकरांनीच जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून ‘लालबाग परळ’ (२०१०) केला. तिथे चित्रपटाच्या नावातच वस्तीचे नाव आले आणि गिरणी, चाळ, संप हा विषय म्हणून पोस्टरपर्यंत पोचला. त्यानंतर ‘दगडी चाळ’ (२०१५) आणि टोळीप्रमुख अरुण गवळीवरचा हिंदी ‘डॅडी’ (२०१७) आले. या दोन्हींत पांढरी टोपी आहे, आणि पोस्टरकलेच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. यकुझाकडे गोंदण, तलवार आणि कापलेली करंगळी. मुंबईच्या या गुंडाकडे वारकऱ्याची, गिरणी कामगाराची, पुढाऱ्याची टोपी. एकाच पांढऱ्या आकारात भक्ती, श्रम, सत्ता आणि दहशत येतात. कुठल्याही ग्राफिक डिझायनरने आयुष्यभर पुरवावे असे हे चिन्ह आहे. आपण आजवर ते फक्त वेशभूषा म्हणून वापरले.

हाताने रंगवलेले होर्डिंग नव्वदीच्या अखेरीस फ्लेक्सने बाजूला सारले. रात्रभरात छापून येते, पावसात उतरत नाही, आणि फुटामागे स्वस्त पडते. पीला हाउसच्या आल्फ्रेड टॉकीजमधले पेंटर शेख रहमान यांच्यावर ‘ओरिजिनल कॉपी’ (२०१५) हा जर्मन दिग्दर्शकांचा माहितीपट आहे. जुने सिनेमे लावणाऱ्या त्या थिएटरासाठी ते बॅनर रंगवत राहिले. लालबागचे ‘भारतमाता’ गिरणीच्या जमिनीवर दीर्घकाळ तग धरून राहिले, दादरचे ‘चित्रा’ २०१९मध्ये बंद झाले. एकपडदा थिएटर गेले की त्याच्या कपाळावरची जागा जाते, आणि मल्टिप्लेक्सला कपाळच नसते.

मग ती चित्रभाषा गेली कुठे? करी रोडच्या पुलाखाली, लालबागच्या मार्केटपाशी, परळ नाक्यावर मान वर करा. वाढदिवसाचा फ्लेक्स दिसेल. मधोमध काळा चष्मा घातलेले ‘भाऊ’ किंवा ‘दादा’, चेहरा बाकी सगळ्यांच्या चौपट. मागून सोनेरी किरण फुटलेले, कधी वाघ, कधी आग. नाव उठावाच्या सोनेरी अक्षरांत, अक्षराच्या टोकांना तलवारीची धार. खाली शुभेच्छुकांचे मुंडके-मुंडके फोटो ओळीने, मानाच्या क्रमाने लहान होत गेलेले. हे गुंडपटाचे पोस्टरच आहे, फक्त सिनेमा नाही. मधला मोठा चेहरा, भोवतीची लहान पात्रे, पेटलेली पार्श्वभूमी, खालची नावांची पट्टी, सगळी मांडणी करकऱ्यांच्या काळातून जशीच्या तशी उतरली आहे. पूर्वी नाक्यावरचा पोरगा पोस्टरखाली उभा राहायचा, आता तो पोस्टरमध्ये आहे. चार हजार फ्लेक्सांतला एखादा इतका जोरकस असतो की योकोओने तो भिंतीवरून काढून नेला असता.

मला हे एकाच वेळी आवडते आणि भिववते. आवडते, कारण ही जिवंत लोककला आहे. ती परळ-लालबागच्या डिजिटल प्रिंटच्या गाळ्यांत वीस-बावीस वर्षांची मुले करतात, तीच मुले गणपतीच्या आगमनाची पोस्टर्सही करतात. मूर्तीच्या कार्यशाळा, मंडळांचे देखावे, बोर्ड रंगवणारे जुने हात, यांच्या शेजारी त्यांची नजर घडली आहे. भिववते, कारण सिनेमाच्या पोस्टरवर गुंड हा नट होता हे पाहणाऱ्याला ठाऊक असे. फ्लेक्सवर खोटे काही नसते. तिथे चष्मा आणि वाघ बघून लहान मुलगा जे शिकतो ते थेट सत्तेविषयी शिकतो. उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध वेळोवेळी आदेश दिले. त्यात विद्रूपीकरणाचा विचार असतो आणि तो योग्यच आहे, पण या चित्रांच्या अर्थाचा विचार करायची जागा न्यायालय नव्हे. ते काम कलासमीक्षेचे होते आणि तिने ते केले नाही.

समीक्षेने आणि बाजाराने दुसरेच काही केले. ‘बॉलिवूड पॉप’ या नावाने अमिताभ उशीवर, कपावर, चपलेवर आला. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुनी पोस्टर्स शोधणारे संग्राहक वाढले, मोठी सचित्र पुस्तके निघाली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २००२ साली भारतीय सिनेमाच्या चित्रभाषेवर प्रदर्शन झाले. रणजित दहिया यांच्या ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ने २०१२ पासून वांद्र्याच्या भिंतींवर जुने नायक-नायिका रंगवले. त्यांचे काम प्रेमाचे आहे. तरी ही सगळी हालचाल आठवणीच्या सुखासाठी आहे. योकोओने गुंडपट उचलला तेव्हा तो सिनेमा चालू होता, टोळ्या चालू होत्या, पोस्टर ओले होते. आपण पन्नास वर्षे मागे जाऊन ‘दीवार’चा निळा सदरा छापतो आणि कालच्या फ्लेक्सकडे पाहत नाही. वांद्र्यात भित्तिचित्र होते, लालबागेत होत नाही, यावरूनही कळावे की ही आठवण कुणासाठी आहे.

काम करायचे तर ते सुरू करायला फार काही लागत नाही. ज्यांनी होर्डिंगची अक्षरे काढली, चौकोन आखले, रात्री शिडी आणि खळीचा डबा घेऊन पोस्टरे चिकटवली, त्यांतले काही लोक परळ, काळाचौकी, गिरगावच्या चाळींतून किंवा पुनर्विकासानंतर बदलापूर-विरारला अजून आहेत. त्यांच्याकडून कोणता चेहरा कुणी काढला हे विचारून पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातल्या पोस्टरांच्या नोंदींना जोडता येईल. आणि फ्लेक्स? छापून झाला की त्याची फाइल गाळ्यातल्या संगणकावर काही दिवस पडून राहते, मग जागा हवी म्हणून पुसली जाते. जे. जे. उपयोजित कला संस्थेच्या एका वर्गाने एकच वर्ष भायखळ्यापासून दादरपर्यंतच्या अशा फाइली, करणाऱ्या मुलाचे नाव आणि नाक्याचे नाव लिहून, जमा करून ठेवाव्यात. सुरुवात येत्या गणपतीच्या आगमनापासून करावी, तेव्हा गाळे रात्रभर उघडे असतात.